तिऱ्ह्यापर्यंत येते

साखर पेठेतल्या शाळेत ते एका रात्रीपुरते उतरले.
सत्तावीस माणसं, एक हातगाडी, पाण्याचे दोन कॅन
आणि रंग उडालेलं एक फडकं : अणुभट्टी नको.
युनियनच्या बाई म्हणाल्या, घरटी दहा भाकरी.
मी वीस दिल्या, कडक, वर शेंगाची चटणी.
त्यांच्यातल्या एकीला ती भाकरी मोडताच येईना,
पापड समजून कडेकडेनं कुरतडत बसली.
हलीमा तिचं नाव. समुद्राकडची.
भट्टी अजून कागदावर आहे म्हणाली,
कुंपण मात्र खडकापर्यंत आलंय.

चौथी-ब चा वर्ग. फळ्यावर कुणाचा तरी अर्धा त्रिकोण.
ती सांगत होती,
दिसत नाही, वास येत नाही,
हाडात जाऊन बसतं.
मी म्हटलं, ओळखते.
पंचेचाळीस वर्षं मांडीवर सूप आहे,
दिवसाला हजार बिड्या, छाट वेगळी.
तंबाखूची धूळ मला कधी दिसली नाही.
शेजारची पोचम्मा तेवढी खोकायची,
मग खोकेनाशी झाली.

सकाळी चपला घातल्या.
तिऱ्ह्यापर्यंत येते, म्हटलं.

दारात अंबादास. माझा थोरला, दोन मागांचा धनी.
“कुठं मरलालीस गं उन्हात?
वीज नको म्हणलालीस, मग माग कशावर फिरवू?
परवा सहा तास लाईट नव्हती,
शिव्या कोण देत होतं?”
मीच देत होते.
उत्तर सुचलं नाही.
तोवर एक पाय उंबऱ्याबाहेर गेला होता,
दुसऱ्याला एकट्याला काय ठेवायचं मागं.

मंगळवेढ्याचा रस्ता. ज्वारी काढून झालेली,
रानात नुसते धसकट.
बसून बसून गुडघे माझे घडीतच म्हातारे झालेत,
पहिल्या मैलाला उघडेनात,
गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरले.
एका पोरानं मोटरसायकल हळू केली :
“मोर्चा कुठल्या पक्षाचा मावशी? पैसे किती देतात?”
हलीमा म्हणाली, “वीस भाकरी.”
तो हसला, आणि थोडं अंतर
गाडी बंद करून, ढकलत आमच्याबरोबर आला.

सीनेचा पूल. पाणी कमी, वाळूच जास्त.
तिऱ्हे आलं.
मी थांबले नाही.
का, ते मला विचारू नका,
ज्याचं उत्तर येत नव्हतं ते एक ओझं आधीच होतं.

रात्री कामतीत, समाजमंदिराच्या फरशीवर,
ते काढून तिच्यापुढं ठेवलं :
माझा पोरगा असं असं विचारतो.
ती तळव्यांना खोबरेल चोळत होती.
बराच वेळ चोळत राहिली.
“माझा नवरा पण हेच विचारतो,” म्हणाली,
“बर्फाच्या कारखान्याला वीज लागते,
बर्फ नसला तर मासा सडतो.”
मग त्या प्रश्नाला मधे घेऊन
आम्ही दोघी झोपलो,
तापातल्या पोराला घेतात तसं.
रात्रीत दोनदा उठून पाणी प्यायलो.

बेगमपूरला भीमेच्या पुलावर मी परत फिरले.
ती म्हणाली, समुद्र बघायला ये.
मी तो टीव्हीवर बघितलाय,
तिथं त्याला वास येत नाही.
फडकं वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले,
मग एसटीला हात केला.
तीन दिवसांचा रस्ता
अर्ध्या तिकिटात, तासाभरात गुंडाळला गेला.

घरी माग धडधडत होते.
अंबादासनं मान वर न करता विचारलं, कुठवर?
बेगमपूर, म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही.
त्यानं हात लांब करून दोन्ही माग बंद केले.
“कुठवर?”
बेगमपूर.
बराच वेळ त्यानं ते परत सुरू केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेतलं.
टाचेचा फोड मांडीखाली दाबून फुटला,
पान ओलं झालं, एक जुडी वाया गेली.
संध्याकाळी मोजल्या तर आठशेच.
मुकादम म्हणाला, बाकीच्या दोनशे कुठं गेल्या?
म्हटलं, रस्त्यात.